वर्णहीन साप आणि वारशाचा हिशेब

कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर चढला की तो किमान वेतन, बोनस किंवा कामाचे तास यांवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरूनच बसतात. त्या विषयांवर आम्ही वर्षातले अकरा महिने बोलतो. वसंतातल्या या मेळाव्यात तरी दुसरे काही सांगावे, म्हणून आम्ही सापांचा विषय घेतला. आणि त्यातही विषारी सापांचा किंवा सर्पदंशाचा नव्हे. अमेरिकेत व युरोपात पुष्कळ लोक हौसेने साप पाळतात, त्यांची पैदास करतात, आणि त्यांतल्या रंग हरवलेल्या सापांना विशेष मागणी असते. असा साप जन्मतो कसा, त्याचे आईबाप कसे असतात, आणि पाहिजे तसे पिल्लू मिळावे म्हणून पैदास करणारा काय हिशेब मांडतो, हे आम्हांला येथे सांगावयाचे आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे नगर वाचनालयाच्या कृपेने झाले. तेव्हा पंडिती परिभाषा आमच्याजवळ थोडी आहे, आणि जी आहे ती आम्ही जपून वापरू.

विषय ऐकून आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने विचारले, "अण्णा, ह्यात आपल्या माणसांचं काय?" आपल्या माणसांचे ह्यात पुष्कळ आहे. पण आधी साप.

अमेरिकेच्या आग्नेय भागात कॉर्न स्नेक नावाचा एक बिनविषारी साप आहे. कॉर्न म्हणजे मका. मक्याच्या कोठारात उंदरांच्या मागावर तो सापडे म्हणून हे नाव पडले, असे काही सांगतात. त्याच्या पोटावरची काळी-पांढरी चौकट रंगीत दाण्यांच्या कणसासारखी दिसते म्हणून, असे दुसरे सांगतात. लांबी तीन ते पाच फूट, स्वभाव शांत, आपल्या धामणीच्याच मोठ्या कुळातला. नारिंगी अंगावर तांबडे डाग आणि प्रत्येक डागाला काळी किनार, असे त्याचे नेहमीचे रूप. १९५३ साली उत्तर कॅरोलायना राज्यात या जातीचा एक साप पकडला गेला, त्याच्या अंगावर काळा रंग कोठेच नव्हता. किनारी पुसून टाकल्यासारख्या, डोळे तांबडे. डॉ. बर्नार्ड बेक्टेल या त्वचारोगतज्ज्ञांनी पैदास करून हा गुण पिढीत कसा उतरतो त्याचा शोध घेतला. १९६१ साली बंदिवासात जन्मलेली पहिली वर्णहीन पिल्ले अंड्यांतून बाहेर आली, आणि १९६२ साली बेक्टेल पतिपत्नींचा त्याविषयीचा निबंध 'कोपिया' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. माणसांच्या कातडीचा वैद्य सापाच्या कातडीकडे वळला ह्यात आम्हांला नवल वाटत नाही. रंगाचा कारखाना दोघांचाही एकाच नमुन्याचा आहे.

येथे 'वर्णहीन' या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण तो शब्द जरासा फसवा आहे. वर्णहीन कॉर्न स्नेक पांढरा नसतो. तो भडक नारिंगी-तांबडा असतो, नेहमीच्या सापापेक्षाही उजळ. सापाच्या कातडीत रंगाच्या निरनिराळ्या पेशी असतात. काहींत काळपट-तपकिरी द्रव्य असते, त्याला मेलॅनिन म्हणतात. काहींत पिवळी व तांबडी द्रव्ये असतात. काहींत प्रकाश परतवणारे बारीक स्फटिक असतात. वर्णहीनात बंद पडते ते फक्त मेलॅनिनचे खाते. बाकीची खाती चालूच राहतात. डोळ्यांतही मेलॅनिन नसल्याने आतल्या रक्ताची लाली बाहेर दिसते. नागासारख्या सापाचे रूप बहुतांशी काळ्या-तपकिरी द्रव्यावरच उभे असते, म्हणून वर्णहीन नाग मात्र फिकट, पिवळसर-गुलाबी, जवळजवळ पांढरा दिसतो. तसा एखादा निघाला की आपल्याकडे हळदकुंकू घेऊन गर्दी जमते, कोणी दुधाची वाटी आणतो. दूध हे सापाचे अन्न नव्हे, आणि त्या बिचाऱ्याला उन्हात व गर्दीत धरून ठेवणे ही त्याची पूजाही नव्हे. असो.

आता वारशाकडे वळू. आईबापांचे गुण मुलांत मिसळतात, दूध आणि पाणी मिसळावे तसे, अशी आपली सर्वांची सर्वसाधारण समजूत असते. 'खाण तशी माती' ही म्हण त्याच समजुतीतून आली. ही समजूत खरी धरली, तर वर्णहीन नर आणि नेहमीच्या रंगाची मादी यांची पिल्ले मधल्या रंगाची, फिकट काळ्या किनारीची निघावयास हवीत. तशी ती निघत नाहीत. सारीच्या सारी पिल्ले पूर्ण काळ्या किनारीची, आईसारखी निघतात. बापाचा गुण जणू बुडाला. परंतु हीच पिल्ले मोठी करून त्यांची आपापसांत जोडी लावली, की त्यांच्या अंड्यांतून सुमारे चौथाई पिल्ले पुन्हा वर्णहीन निघतात, आणि तीही आजोबाइतकीच पूर्ण वर्णहीन. बुडालेला गुण कोठेही पातळ न होता परत येतो. दुधात मिसळलेले पाणी असे परत काढता येत नाही.

ह्याचा उलगडा सापांच्या कितीतरी आधी वाटाण्यांवर झाला होता. ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकाने ब्रनो येथील मठाच्या बागेत वर्षानुवर्षे वाटाणे लावले आणि मोजले. गोल दाण्याचा व सुरकुतलेल्या दाण्याचा संकर केल्यावर पहिल्या पिढीत सारे दाणे गोल आले. दुसऱ्या पिढीत ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले भरले, म्हणजे जवळजवळ तिनास एक. हे त्याने १८६५ साली गावच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे दोन व्याख्यानांत सांगितले आणि १८६६ साली ते छापून निघाले. त्याचे खरे मोल जगाला कळावयास १९०० साल उजाडले. व्याख्यानमाला चालवणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: कोणते व्याख्यान कधी फळाला येईल ह्याचा नेम नाही.

मेंडेलचा नियम समजून घ्यावयाला आम्ही आमच्या ओळखीचे एक ठिकाण घेतो. आमच्या यंत्रमागाच्या गावात कापड रंगवण्याचे कारखाने आहेत. समजा, तेथे काळ्या रंगाची कृती चिठ्ठीवर लिहिलेली आहे, आणि नियम असा की प्रत्येक कारखान्यात त्या चिठ्ठीच्या दोन प्रती ठेवावयाच्या: एक आईकडून आलेली, एक बापाकडून आलेली. एक प्रत फाटकी निघाली तरी दुसरी वाचून रंगारी काम भागवतो, आणि कापड नेहमीइतकेच काळे निघते. दोन्ही प्रती फाटक्या असल्या तरच काळा रंग बंद पडतो. या चिठ्ठीला शास्त्रात जनुक म्हणतात. फाटकी चिठ्ठी शाबूत चिठ्ठीपुढे झाकली जाते म्हणून तिचा गुण अप्रभावी. शाबूत चिठ्ठीचा प्रभावी. 'अप्रभावी' म्हणजे दुबळा किंवा हीन, असा अर्थ कोणी घेऊ नये. दोन्ही बाजूंनी आला की तो पूर्ण जोराने प्रकट होतो.

पुढची गोष्ट अशी की पिल्लाला देताना आई आपल्या दोन प्रतींपैकी एकच देते, बापही एकच देतो. आणि कोणती जाईल हे सोडतीसारखे असते. आता वर्णहीन बाप घ्या. त्याच्याजवळ दोन्ही फाटक्या. तो देणार ती फाटकीच. आईजवळ दोन्ही शाबूत. ती देणार ती शाबूतच. म्हणून प्रत्येक पिल्लाजवळ एक शाबूत, एक फाटकी. सारी पिल्ले रंगाने नेहमीची, पण सारीच फाटकी चिठ्ठी बाळगणारी. अशांना आपण वाहक म्हणू. तिकडच्या धंद्यात त्यांना 'हेट' म्हणतात. दोन वाहकांची जोडी लागली की चार शक्यता होतात: दोघांकडून शाबूत, आईकडून शाबूत व बापाकडून फाटकी, आईकडून फाटकी व बापाकडून शाबूत, दोघांकडून फाटकी. चारही सारख्याच संभवाच्या. पहिल्या तीन दिसावयास एकच, चौथी वर्णहीन. तिनास एक हे प्रमाण येते ते येथून.

वाहक जनावर पाहून ओळखता येत नाही. ह्या एका गोष्टीतून त्या धंद्यातली निम्मी भांडणे निघतात. दोन वाहकांच्या वेतातली नेहमीच्या रंगाची तीन पिल्ले घ्या: सरासरीने त्यांतली दोन वाहक आणि एक निखळ शाबूत. पण कोणती दोन? सांगता येत नाही. म्हणून अशी पिल्ले '६६ टक्के हेट' म्हणून विकली जातात. ह्याचा अर्थ पिल्लू ६६ टक्के वाहक आहे असा नव्हे. पिल्लू वाहक असते किंवा नसते, मधले काही नाही. शंभर अशी पिल्ले घेतली तर त्यांत सुमारे ६६ वाहक असतील, एवढेच त्या आकड्याचे म्हणणे. आता विकणाऱ्याच्या जागी एखादा लबाड कल्पा. साध्या पिल्लावर 'हेट' अशी चिठ्ठी चिकटवली की किंमत वाढते, आणि घेणाऱ्याला खोटेपणा कळावयास ते पिल्लू वाढून वयात येईपर्यंत दोन-तीन वर्षे जातात. हजेरीपट मालकाच्या कपाटात आणि मजुराच्या हाती फक्त शब्द, अशा व्यवहाराचा आम्हांला पुष्कळ अनुभव आहे. तेथे जो उपाय तोच येथे: वही. चांगला पैदासदार कोणत्या मादीजवळ कोणता नर कोणत्या तारखेला सोडला, किती अंडी झाली, किती पिल्ले कोणत्या रंगाची निघाली, हे सारे लिहून ठेवतो. त्यातही सावध राहावे लागते, कारण अनेक जातींच्या माद्या नराचे बीज पुष्कळ महिने शरीरात साठवून ठेवू शकतात. यंदाच्या पिल्लांचा बाप गेल्या वर्षीचा नर असू शकतो.

दुसरे भांडण आकड्यांच्या गैरसमजाचे. चौथाई म्हटले म्हणजे चार अंड्यांत एक वर्णहीन ठरलेलेच, असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. प्रत्येक अंड्याची सोडत स्वतंत्र निघते. आधीच्या अंड्यात काय निघाले त्याची पुढच्या अंड्याला खबर नसते. बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतला, भ्याला की चेंडूसारखे वेटोळे करून बसणारा लहान अजगर. त्याची मादी एका वेळी साधारण सहा अंडी घालते. दोन वाहकांच्या सहा अंड्यांत एकही वर्णहीन न निघण्याचा संभव शंभरात सुमारे १८ आहे. म्हणजे दोन्ही जनावरे खरी वाहक असताना, सारे काही नीट असताना, दर पाच-सहा जोड्यांमागे एकीची निराशा होणारच. कॉर्न स्नेकने सोळा अंडी घातली तर हाच संभव शंभरात एकावर येतो. अंडी थोडी तितका नशिबाचा खेळ मोठा.

वाहकाची पारख करावयाची तर त्याची जोडी वर्णहीनाशीच लावावी. वर्णहीन जनावर नेहमी फाटकीच चिठ्ठी देणार. तेव्हा संशयित जनावर वाहक असेल तर निम्मी पिल्ले वर्णहीन निघावयास हवीत. एक जरी वर्णहीन पिल्लू निघाले तरी प्रश्न मिटला: ते वाहक आहे. एकही न निघाले तर मात्र संशय फक्त कमी होतो, संपत नाही. बारा पिल्ले निघाली आणि सारी रंगीत, तर ते वाहक असूनही असे घडण्याचा संभव ४,०९६ त एक. सहाच निघाली तर ६४ त एक. 'आहे' हे एका पिल्लाने सिद्ध होते; 'नाही' हे सिद्ध करावयाला पिल्लांची रांग लावावी लागते.

हे ऐकून येथल्या कोणा हौशी तरुणाला नाग किंवा धामण धरून प्रयोग करण्याची बुद्धी होऊ नये, म्हणून सांगून ठेवतो की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे नाग, धामण, अजगर पकडणे, पाळणे व विकणे हा गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या काही परदेशी जातींच्या बाबतीतही आता नोंदणीचे बंधन आहे.

कॉर्न स्नेकमध्ये दुसराही एक अप्रभावी गुण आहे: त्यात तांबडा रंग बंद पडतो आणि साप काळा-करडा दिसतो. काळा बंद असलेला आणि तांबडा बंद असलेला, अशा दोघांची जोडी लावली की पहिल्या पिढीत सारी पिल्ले नेहमीच्या रंगाची. त्या पिल्लांची आपापसांत जोडी लावली की सोळांत सुमारे नऊ नेहमीची, तीन काळ्याविना, तीन तांबड्याविना, आणि एक दोन्हींविना. तो शेवटचा गुलाबी छटेचा पांढरा साप. त्याला ते 'स्नो', म्हणजे बर्फ, म्हणतात. रानात तो सापडण्याचा संभव नगण्य. वहीत हिशेब मांडून मात्र तो दोन पिढ्यांत हाती येतो.

याहून आम्हांला मोठी वाटते ती पुढची गोष्ट. बॉल पायथनमध्ये काळा रंग हरवलेले एकाहून अधिक प्रकार आहेत. अमेरिकेतील बॉब क्लार्क या पैदासदाराने १९९२ साली साध्या वर्णहीन बॉल पायथनची पैदास प्रथम साधली. पुढे 'लॅव्हेंडर' म्हणजे जांभळट छटेचा दुसरा वर्णहीन प्रकार आला. दोघेही वर्णहीन, तेव्हा त्यांची जोडी लावली तर सारी पिल्ले वर्णहीनच निघणार, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात सारी पिल्ले गडद, नेहमीच्या रंगाची निघतात! दोन गोऱ्यांना सावळी मुले. पुन्हा रंगाच्या कारखान्यात चला. काळा रंग एका माणसाच्या हातून होत नाही. एक रंग कालवतो, दुसरा हौदातले पाणी योग्य तेवढे आंबट-खारट राखतो. एका कारखान्यात पहिल्याची चिठ्ठी फाटली, दुसऱ्या कारखान्यात दुसऱ्याची. दोन्हीकडे कापड कोरेच निघते आणि बाहेरून दोन्ही कारखाने सारखे दिसतात. पण पिल्लाला पहिल्याकडून पाणी राखणाऱ्याची शाबूत चिठ्ठी मिळते आणि दुसऱ्याकडून रंग कालवणाऱ्याची. दोन्ही कामे चालू होतात. कमतरता एकच दिसली म्हणून कारणही एकच, असे धरून चालता येत नाही.

हे नुसते रूपक नव्हे. रंग कालवणारा म्हणजे टायरोसिनेज नावाचे विकर. टायरोसिन या द्रव्यापासून मेलॅनिन करण्याची पहिली पायरी तेच उचलते. त्याच्या जनुकाचे नाव टीवायआर. पेशीतल्या ज्या बारीक पिशव्यांत मेलॅनिन तयार होते, त्यांच्या आतली आम्लता राखण्यात ज्याचा हात असतो त्या जनुकाचे नाव ओसीए-२. कॉर्न स्नेकच्या वर्णहीनतेचे कारण २०१५ साली जिनिव्हा येथील संशोधकांनी प्रसिद्ध केले: ओसीए-२ या जनुकात दुसरीकडूनच आलेला एक तुकडा घुसून बसला आहे, जणू चिठ्ठीच्या मधोमध कोणी भलताच मजकूर चिकटवला. बॉल पायथनचा निर्णय २०२२ साली लागला: साधा वर्णहीन तो टीवायआरमधला बिघाड, लॅव्हेंडर तो ओसीए-२ मधला. ह्या कामाची पद्धत आम्हांला फार आवडली. संशोधकांनी साप विकत घेतले नाहीत, कोणाला सुई टोचली नाही. साप पाळणाऱ्यांना त्यांनी आवाहन केले की तुमच्या सापाने टाकलेली कात आम्हांला पाठवा. लोकांनी कात पाठवली, तीतून जनुके वाचली गेली. जी वस्तू आपण केरात टाकतो तीत सारी वंशावळ लिहिलेली होती. आता कातेवरून वाहकाची पारख करून देणाऱ्या प्रयोगशाळाही तिकडे निघाल्या आहेत, आणि 'हेट' म्हणून शब्दावर विकण्याची सोय तेवढी उणी झाली आहे.

पैदाशीची एक बाजू मात्र झाकून ठेवता येत नाही. रानात एकच वर्णहीन नर सापडला, तर त्याची फाटकी चिठ्ठी दोन्ही बाजूंनी आणावयाची कशी? भावाबहिणींची जोडी लावून, नाहीतर मुलीची जोडी बापाशी लावून. पैदासदार हेच करतात. हवी ती फाटकी चिठ्ठी त्याने लवकर जुळते. पण प्रत्येक जनावराजवळ आणखीही काही फाटक्या चिठ्ठ्या झाकलेल्या असतात, आणि जवळच्या नात्यात त्याही जुळतात. शहाणा पैदासदार म्हणूनच दर काही पिढ्यांनी परके रक्त आणतो. घाईचा आणि भावाचा लोभ ज्याला सुटत नाही तो आणत नाही. त्याची किंमत पिल्ले देतात.

आणि येथे आमच्या सहकाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर येते. टीवायआर आणि ओसीए-२ ही सापांसाठी काढलेली नावे नव्हेत. ती माणसांतूनच घेतली आहेत. माणसात जन्मतः वर्णहीनता येते तिच्या दोन प्रमुख प्रकारांची कारणे हीच दोन जनुके. नियमही तोच: आईकडून एक फाटकी, बापाकडून एक फाटकी.

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेच्या कचेरीत एक यंत्रमाग कामगार आला. कचेरीत पगाराच्या तक्रारी येतात तशा घरच्याही येतात. त्याला मुलगी झाली होती, केस पांढरे, कातडी गोरी फटक, डोळे सारखे हलणारे. नवराबायको दोघेही सावळे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सुनेवर संशय घेऊन तिला माहेरी धाडले होते. दवाखान्यात कोणी त्यांना दोन वाक्ये समजावून सांगितली नव्हती. नवरा गप्प होता. बायको कोण, हे विचारले तेव्हा तो म्हणाला, "मामाचीच पोरगी." आम्ही त्याला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला चिठ्ठ्यांचा हा हिशेब कागदावर काढून दाखवला. आई म्हणाली, "म्हणजे माझ्या माहेरचंच दोन्हीकडून आलं म्हणायचं." अगदी तसेच. नवऱ्याची एक चिठ्ठी आली नसती तर मुलगी वर्णहीन झालीच नसती. ज्या गोष्टीवरून सुनेवर संशय घेतला, ती गोष्ट उलट नवऱ्याचा वाटा दाखवत होती. सून पंधरा दिवसांत परत आली. पुढची मुलेही अशीच होतील का, असे तिने विचारले. प्रत्येक खेपेला चारांत एक, आणि आधीच्या खेपेचा पुढच्या खेपेशी संबंध नाही. बॉल पायथनच्या अंड्यांविषयी सांगितले तेच.

मामेबहीण-आतेभाऊ यांच्या लग्नाची आपल्याकडे अनेक समाजांत चाल आहे. त्याचाही हिशेब आहे. एखाद्याजवळ एक विशिष्ट फाटकी चिठ्ठी असली, तर त्याच्या मामेबहिणीजवळ तीच चिठ्ठी असण्याचा संभव आठांत एक. परक्या घरातल्या मुलीजवळ ती असण्याचा संभव फार कमी. नात्यातले प्रत्येक लग्न बाधते असे मुळीच नव्हे. पण ज्या घरात असे मूल आधी झाले आहे त्या घराने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

एक आकडा आणखी. समजा, वीस हजारांत एक माणूस वर्णहीन आहे आणि कारण एकच जनुक आहे. तर त्या वीस हजारांत वाहक किती? सुमारे २८०. ते तुमच्याआमच्यासारखे दिसतात, आपण वाहक आहोत हे त्यांना ठाऊकही नसते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत व युरोपात माणसांचीही पैदास 'सुधारावी' असे म्हणणारे पुष्कळ विद्वान होते. त्यासाठी कायदे झाले, हजारो माणसांची सक्तीने नसबंदी झाली. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तसा कायदा उचलून धरला. माणुसकी बाजूला ठेवली तरी त्यांचा हिशेबच चुकत होता. अप्रभावी गुण ज्यांच्या अंगावर दिसतो त्यांच्याजवळ फाटक्या चिठ्ठ्यांचा अगदी लहानसा वाटा असतो. बाकीच्या साऱ्या निर्दोष दिसणाऱ्यांच्या खिशात असतात, आणि बहुधा कायदे करणाऱ्यांच्याही.

जन्मतःची वर्णहीनता आणि कोड ह्यांत आपल्याकडे घोटाळा होतो. कोड मागाहून उठते, रंग करणाऱ्या पेशीच जागोजागी नष्ट होतात. त्याचा मार्ग वेगळा. दोन्हींपैकी काहीही स्पर्शाने लागत नाही. वर्णहीन मुलाचा खरा त्रास कातडीच्या रंगाचा नसतो, डोळ्यांचा आणि उन्हाचा असतो. डोळ्याच्या पडद्याची वाढच नीट होत नाही, म्हणून चष्मा लावूनही नजर पुरती येत नाही. उजेड सोसत नाही. उन्हाने कातडी भाजते आणि पुढे कातडीच्या कर्करोगाची भीती राहते. अशा मुलाला शाळेत पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवावे. पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद कडेची टोपी, गडद चष्मा द्यावा. उन्हातली कवायत माफ करावी. नजर पुरेशी कमी भरली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली दाखला मिळतो. त्याचा अर्ज कसा भरावयाचा ते आमच्या कचेरीत रोज संध्याकाळी सहानंतर समजावून दिले जाते; नेत्रतपासणीचा कागद तेवढा बरोबर आणावा.